दाणा न फोडता

भाचीचा फोन आला तेव्हा मी डोणगावच्या घरी वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. "मामा, आई गेली..." एवढंच ती बोलली. हात तिखटाचे, तसाच डोळे पुसायला गेलो आणि पुढचा अर्धा तास नुसता भोकाड पसरून रडलो. गल्ली म्हणाली, बहिणीवर लई जीव होता. होताच. पण त्यातलं निम्मं रडणं मिरचीचं होतं, आणि हे ऐकून सगळ्यात जास्त हसली असती ती कमलअक्काच.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा अक्का चौथीत होती. आमच्या वस्तीतून विज्ञान शिकायला मुंबईला गेलेली ती पहिली मुलगी. पुढे संशोधनाला लागली. सुट्टीत आली की बाया विचारायच्या, तिथं करतेस काय? ती सांगायची, "जित्या दाण्याच्या आत काय चालू हाये ते पाह्यतो, दाणा न फोडता." यंत्राचं नाव एनएमआर. मोड आलेले दाणे नळीत घालून जबर चुंबकाच्या मधोमध ठेवायचे, रेडिओच्या लहरी सोडायच्या आणि आतला फॉस्फरस काय उत्तर देतो ते कागदावर उमटवायचं. दाणा अन्न कसं जाळतो, ताकद कशी बनवतो, ते त्या रेघेवरून कळतं. शेजारच्या सखुबाईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि लुगडं सावरून गुडघा पुढे केला. "मंग याच्यात पाह्य ना माय, काऊन दुखते त."

एकदा तिचं पत्र आलं, आपल्या वावरातली ज्वारी घेऊन ये. मी गठुडं बांधलं, मेहकरहून एस.टी. धरली, पुढे रेल्वे. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ घालून ऐटीत प्रयोगशाळेत शिरलो आणि अक्का ओरडेपर्यंत त्या चुंबकालाच टेकून उभा राहिलो. घड्याळ जागच्या जागी बंद! मी रडकुंडीला आलो. अक्का म्हणाली, "सांग तुह्या सासऱ्याले, मुंबईत टाइम थांबते."

हसली खरी, पण चेहरा उतरलेला होता. खोदून विचारलं तेव्हा बोलली. दाणे नळीत घातले की थोड्याच वेळात मलूल व्हायचे. कागदावरचे ताकदीचे सुळके बुटके होत जायचे. तिच्या सरांनी सांगून टाकलं होतं, पंधरा दिवसांत जमलं नाही तर विषय सोडा. घरी तिनं हे कुणालाच कळवलं नव्हतं.

मी नळी पाहिली. दाणे ठासून भरलेले, वर पाणी गच्च. "अक्का, वाफ्यात पाणी तुंबलं का पिकाच्या मुया सडतात. हे घुसमटून राह्यले."

ती तशीच उठली. मग जेवण टाकून दवाखान्यातून सलाईनची नळी मागून आणली. हवा मिसळलेलं पाणी दाण्यांमधून वाहतं ठेवायचं ठरलं. पहिल्या झटक्याला जोड निसटला आणि सरांचा इस्त्रीचा सदरा चिंब. दुसऱ्यांदाही सरच भिजले. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र सुळके उंच उभे राहिले. तास गेला, दोन गेले... हलेनात. "पाह्य, श्वास घेऊन राह्यले," अक्का म्हणाली, आणि पदरात तोंड खुपसून रडली.

तिचा लेख छापून आला. शेवटी एका ओळीत, बियाणं आणि सल्ला दिल्याबद्दल माझे आभार. ते पान मी अख्ख्या डोणगावला दाखवलं. हेडमास्तर म्हणाले, "पण तुझं नाव सगळ्यात खाली काऊन?"

"मुया खालीच असतात, सर."

गेल्या हिवाळ्यात तिला एमआरआयसाठी नेलं. तिथल्या तरुण तंत्रज्ञानं तिला धीर दिला. "आजी, घाबरू नका. आत मोठं चुंबक आहे. तुमच्या अंगातल्या पाण्याला ते जरा विचारतं, तू कुठे आहेस? पाणी ओ देतं. बस, एवढंच." अक्का शाळकरी पोरीसारखी मान डोलवत होती.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "त्याले सांगतलं काऊन नाही, तू जिंदगी याच्यातच काढली म्हणून?"

"अबे, किती मन लावून समजावून सांगून राह्यला होता तो!" ती खुर्चीत टेकली, थोडा दम खाल्ला. "आन् ते पाण्यानं ओ द्यायचं... मले इतकं सोपं कधी सांगता नाही आलं. पेन दे, लिहून ठेवतो."