बारा शेळ्यांची हाक

वहिनीच्या बाराही शेळ्यांना इंग्रजी नावं होती. रिव्हर, लॅडर, ऑरेंज, विंटर, अशी. दिवस कलला की ती एकेकीला ठरल्या क्रमानं हाक मारायची. मी आष्टीत ऑनलाइन फॉर्म भरून देतो, म्हणजे भावकीतला विद्वानच. लई चिडवायचो तिला.

“कावून हसता भावजी? तुमच्या दादानंच फोनवर सांगितलीत, रोज एक.”

दादा आखातात क्रेन चालवायचा. पगारातून उरेल त्याची तो मोबाइलवरच डॉलरची नाणी घ्यायचा; भाव न हलणारी, स्टेबलकॉइन म्हणतात ती. बँक नाही, रांग नाही, मिनिटात जगाच्या दुसऱ्या टोकाला. लेकीच्या अंबाजोगाईतल्या नर्सिंगची फी त्यातच साठवलेली.

तिथंच क्रेनवरून पडून तो गेला. मोबाइलचाही चुरा झाला. त्या नाण्यांच्या तिजोरीची किल्ली म्हणजे क्रमानं बारा शब्द. ज्याला ठाऊक तो मालक. सही नाही, वारस नाही. शब्द दादाबरोबरच गेले असं मी धरून चाललो. तिजोरीचा पत्ता तेवढा माझ्याकडे होता, त्यावरून नाणी नुसती दिसायची. कुलूप लावलेल्या घरात दिवा जळताना दिसावा तसं वाटायचं. मी रोज बघायचो.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. बाभळीवर दहा-बारा बसलेले, एकही ओरडत नव्हता. आईला सांभाळू म्हणालो, लेकीला शिकवू म्हणालो. ढिम्म. परगावच्या पाहुण्यांना क्रिया दिसावी म्हणून दोघा-तिघांनी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल वर धरलेले.

मग वहिनी पुढं आली. “तुमी सांगितलेलं इसरले न्हाई,” म्हणाली, आणि शेळ्यांना मारते तशी हाक मारू लागली. रिव्हर. लॅडर. तिसऱ्या शब्दाला मला उमगलं, हीच ती किल्ली. तिचं तोंड दाबायला हवं होतं. पण प्रत्येक शब्दाला एक कावळा फांदी-फांदीनं खाली उतरत होता, आणि मला दादा सुटायला हवा होता. मी हात जोडून उभा राहिलो. बाराव्या शब्दाला कावळ्यानं पिंडाला चोच लावली. बायका रडल्या.

माझा मोबाइल घरी होता. आधी न्हाव्यापुढं रांग, मग आंघोळ. त्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. ओल्या डोक्यानं मी उघडलं तेव्हा पत्ता रिकामा होता. नाणी दुसऱ्या पत्त्यावर गेलेली. तोही मला दिसतो. त्याला नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. नाणी तिथं अजून तशीच आहेत.

वहिनीला सांगायची माझी छाती झाली नाही.

तेराव्याला सगळी भावकी जेवायला बसली. मी वाढत होतो आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. तेवढ्यात एक शेळी पंगतीत घुसली. “ए विंटर, हट,” कुणीतरी म्हणालं. दुसरी आली, तिलाही कुणी नावानं हाकललं. पंगत हसली.

वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बघा भावजी, समद्यांना पाठ झाली. आता इसरायचं भ्या न्हाई.”