सरकता चौकोन

मैदानाला चुना लावणं हे आजोबांचं काम. माणसांना मात्र त्यांनी जन्मात कधी लावला नाही. क्लबच्या फुटबॉल मैदानावरच्या पांढऱ्या रेघा त्यांच्याच हातच्या. तोंडात सिगारेट असली की रेघ सरळ येते, अशी त्यांची ठाम समजूत.

मग क्लब धूरमुक्त झाला. ओढणाऱ्यांसाठी फाटकाबाहेर चौकोन आखायचं ठरलं. आजोबांनी तो झोकात आखला आणि पहिले स्वतःच आत जाऊन उभे राहिले. धूर मैदानात येतो का, हे सांगायचं काम मुलांच्या संघाकडे आलं. एवढा अधिकार पोरांना घरी कधी मिळाला नव्हता. सगळी रांगेत उभी राहून नाकं वर करायची.

"येतोय!" कप्तान ओरडायचा.

चौकोन गाड्यांच्या मागे गेला. तरी धूर येतोच. मग पेट्रोल पंपाशेजारी; तिथून पंपवाल्यानं हाकलला. शेवटी दोन गल्ल्या सोडून दातांच्या डॉक्टरच्या दारात. पुढे आजोबांची चुन्याची गाडी, मागे ओढणाऱ्या पालकांची मिरवणूक. डॉक्टर खेकसेल असं वाटलं होतं, तर तोच बाहेर येऊन चौकोनात उभा राहिला.

"तुमच्यात कुणाला ओढावीशी वाटते का रे?" कमिटीतल्या बाईंनी संघाला विचारलं.

"छे! ते म्हाताऱ्यांचं काम," कप्तान म्हणाला. "गुडघेदुखीसारखं."

पोरं खो खो हसली. त्यात आजोबांची नातही होती, हे त्यांना फार लागलं.

नात गोलकीपर. तिनं बॉल अडवलेला आजोबांनी अजून एकदाही पाहिला नव्हता. "गोलमागे उभे राहा ना," ती दर वेळी म्हणायची. "आलोच, एवढी संपवून," आजोबा म्हणायचे. तोवर मॅच संपायची.

अंतिम सामन्याच्या दिवशी चौकोनात सुनेचा फोन आला. "बाबा, पळा! पेनल्टी आहे. ही अडवली की आपण जिंकलो!"

अर्धी सिगारेट टाकून आजोबा धावत सुटले. धापा टाकत गोलमागे पोचले, तेव्हा समोरच्या पोरानं बॉलकडे धाव घेतलीच होती. वारा आजोबांच्या पाठीमागून होता. नातीचं नाक वर झालं. ती गर्रकन वळली आणि बॉल तिच्या बाजूनं जाळ्यात गेला.

सगळं मैदान कपाळाला हात लावून बसलं. ती मात्र हसत धावत आली.

"आजोबा, वळायच्या आधीच मला कळलं, तुम्ही आलात!"

आजोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.