चिंचेने घासलेलं नाणं

बहारीनमधल्या अमवाज बेटांच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारा वेडा भारतीय म्हणजे मी. दर शुक्रवारी कानाला हेडफोन लावून निघायचं आणि कोल्डड्रिंकची झाकणं, गळाची शिसं, एखादी गंजकी किल्ली घेऊन परतायचं. आई दारातच विचारायची, "आलास का भंगार घेऊन?" पण ही बेटं समुद्राचा तळ उपसून बनवली आहेत. त्या वाळूबरोबर काय वर आलं असेल याचा नेम नाही, म्हणून मी जायचो.

यंदा कंपनीने गाशा गुंडाळला. नोकरी खलास, म्हणजे व्हिसाही खलास. उमेदीची सगळी वर्षं इथल्या इमारती बांधण्यात घालवली आणि जाताना कुठल्याही कागदावर माझं नाव उरणार नव्हतं. त्या विचाराने मला अन्न गोड लागेना. आणि निघायच्या आधीच्या शुक्रवारी ते नाणं सापडलं.

जाड, तांब्याचं, हिरव्या कीटाने माखलेलं. घरी खिडकीशी तिरकं धरलं, तर कीटाखाली 'त्र' दिसल्यासारखा वाटला. मी लगेच मोबाइलवर फोटो काढला. शिवराईवर एका बाजूला 'छत्रपति' असतं! महाराजांच्या काळातलं नाणं, इथे, बहारीनच्या समुद्रात? म्हणजे आपली माणसं माझ्या कितीतरी आधी गलबतातून इथे येऊन गेली होती. आईला म्हटलं, "बहुतेक शिवराई आहे गं." तिने तिथल्या तिथे हात जोडले.

शेजारच्या मुहर्रक शहरातल्या एका वृद्ध बहारिनी गृहस्थांना जुन्या नाण्यांतलं कळतं. त्यांना फोन केला. ते हिंदीत म्हणाले, "धुऊ नका, पुसू नका, आहे तसं आणा. सापडलेली जुनी वस्तू सरकारजमा करावी लागते. पण ओळख पटली, तर नोंद तुमच्या नावाने होईल." तुमच्या नावाने! मला दुसरं काही नकोच होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेवटच्या सह्या करून आलो. आई प्रवासासाठी देव बांधायला बसली होती. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, समई, सगळं चिंच-मीठ लावून लख्ख घासलेलं. आणि बाळकृष्णाशेजारी हळदकुंकू वाहिलेली एक तांब्याची चकती, नव्या पैशासारखी चकचकीत.

"महाराजांचं नाव असलेलं नाणं, असं किटलेलं कसं न्यायचं?" आई कौतुकाने म्हणाली. "केवढा मळ निघाला बघ!"

मी ओरडलो. जन्मात आईवर तसा ओरडलो नव्हतो. "मळ नव्हता तो! त्या मळातच सगळं होतं! वाटोळं केलंस माझं!" ती चिंचेचा चोथा हातात धरून तशीच बसून राहिली. मी नाणं उलटंपालटं केलं, बोट फिरवलं, मोबाइलचा टॉर्च मारला. गुळगुळीत. अक्षर तर सोडाच, एक रेघ नव्हती.

तरी गेलो मुहर्रकला. माणूस बुडताना काय वाटेल ते धरतो. म्हाताऱ्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मी अक्षरशः काकुळतीला आलो, "मी पाहिलंय हो, 'त्र' होता!" त्यांनी माझ्या मोबाइलमधला आदल्या दिवशीचा फोटो मोठा करून पाहिला. नुसता हिरवा कीट. "तांबं आहे, जुनं असेल," ते हळूच म्हणाले. "यापुढे मी काही सांगू शकत नाही. मफी, काही नाही." नाणं एका पाकिटात गेलं, वर 'ओळख पटली नाही' एवढंच लिहिलं. ते पाकीट तेच सरकारात पोहोचवणार होते. माझं नाव त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

घरी आलो तर बॅगा भरून दाराशी होत्या. आईने भीत भीत विचारलं, "कुणाचं निघालं रे?"

"कुणाचंच नाही," मी म्हटलं.

ती म्हणाली, "कुणाचंच नव्हतं, तर ठेवून कशाला आलास? आपल्या देवांत राहिलं असतं की."

मी बॅगेवर बसलो आणि आईसमोर मोठमोठ्याने रडलो.