एका घरातली दोघं
मुलांची शाळा फादर चालवायचे, मुलींची सिस्टर, आणि मधे ही उंच भिंत, वर काचा रोवलेली. देव एकच, घंटा मात्र दोन! गणितबाई मुलींना शिकवायच्या आणि त्यांचा नवरा भिंतीपलीकडे चित्रकलेचा सर. रोज सकाळी दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर यायची आणि तिथून दोन वाटा. पोरी खिदळायच्या, "बाई, सर तिकडे चालले!"

पुढे मुलींच्या शाळेचा पट घसरत गेला, सिस्टरही थकल्या. दोन्ही शाळा एक करायचं निघालं, तसे पालक बिथरले. पोरगा-पोरगी एका वर्गात? छे! तेव्हा कंबर कसली कोणी, तर गणितबाईंनी. दारोदार फिरून घसा कोरडा केला. एक बाप म्हणाला, "उद्या काही भलतंसलतं झालं तर?" बाई म्हणाल्या, "अहो, घरी बहीणभाऊ एका टेबलावर अभ्यास करतात ना? तिथे घातलीत का भिंत?"

भिंत पडली. पहिल्या दिवशी मुलं एका कडेला, मुली दुसऱ्या, आणि मधल्या बाकांवर चिटपाखरू नाही! बाईंनी सगळ्यांना उठवून उंचीप्रमाणे बसवलं. थोड्याच दिवसांत पोरं-पोरी बिनदिक्कत एकमेकांची गणितं उतरवायला लागली. बाई वरून रागवायच्या, आतून कोण खूश!

आणि मग फादरांनी नवराबायकोला बोलावलं. फादर बिचारे आधी पेपरवेटच फिरवत बसले. "बाई, संस्थेचा जुना नियम आहे. एका घरातली दोघं एका शाळेत चालत नाहीत. आता शाळा एकच झाली."

"अहो, पण ती एक व्हावी म्हणून मीच तर जिवाचं रान केलं!"

"ठाऊक आहे हो. वरच्यांच्या हातापाया पडलो. कोणी ऐकत नाही. कोणी सोडायचं ते शनिवारपर्यंत तुम्हीच ठरवा."

स्वतःच्याच पायावर धोंडा, दुसरं काय! पण बाईंना आशा होती. सर दरवर्षी म्हणायचे, कंटाळा आला बुवा, घरी बसून चित्रं काढावीत. बाईंचा तर जीव त्या वर्गात. सरांनी एकदा नुसतं म्हणायचं होतं, "अगं, मी सोडतो." तेवढं म्हणाले असते तर कदाचित बाईच म्हणाल्या असत्या, राहू द्या हो, मी सोडते. सर मात्र आठवडाभर भांडी विसळत राहिले, पाणी भरत राहिले, नको तितके गोड वागले. त्या विषयावर अवाक्षर नाही. बाईंनाही विचारवेना. जगाला पटवून देणारी बाई, घरात शब्द फुटेना.

शनिवारी फादर म्हणाले, "मग?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"ती म्हणेल तसं," सर म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी सोडते," त्या म्हणाल्या.

शेजारी सरांनी सुटकेचा श्वास सोडला. अगदी हळू सोडला, पण बाईंना तो ऐकू आला.