खालच्या नळाचं पाणी

तोंडाला लावलेला ग्लास साहेबांनी माझ्या हातातून काढून घेतला. पाणी कुंडीतल्या झाडाला ओतलं. ग्लास कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"अहो बाई, हे पाणी स्टाफसाठी आहे. आपली सोय बेसमेंटला केलीय. तिथं हवं तेवढं प्या."

कॉम्प्युटरवर बसलेली पोरंपोरी हसली. मी ओठ बाहीनं पुसले. चोरी पकडली गेल्यासारखे.

खराडीतली काचेची बिल्डिंग. यवतमाळकडून नवऱ्यामागं पुण्यात आलेली मी तिथं झाडूपोछा करायचे. बेसमेंटच्या नळाला टँकरचं पाणी. त्यानं गाड्या धुवायच्या, संडास धुवायचे. तेच आम्ही प्यायचं. टाकीला झाकण नाही. वरून ड्रेनेजचा पाइप गळायचा.

माझ्यासोबत रेखा होती. वाघोलीकडची. पहिलटकरीण.

"ताई, पाण्याला घाण वास हाय," ती म्हणाली. मी तिला घेऊन साहेबांकडं गेले. मानही वर केली नाही त्यांनी.

"गावाकडं काय फिल्टर होता का आपल्याकडे?"

पावसाळ्यात रेखाचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, घाण पाण्याची कावीळ. पोटुश्या बाईला सोसत नाही.

रेखा गेली. पोटातलंही गेलं.

मी साहेबांचं टेबल पुसत होते. माझ्यादेखत ते सुपरवायझरला म्हणाले, "उद्यापासून बदली बाई पाठवा."

माझा हात थांबला. तिचं नावसुद्धा नाही घेतलं.

त्याच आठवड्यात परदेशी पाहुणे आले. मीटिंगमध्ये पाणी ठेवायचं काम माझ्याकडं. पाहुण्यांना बंद बाटल्या दिल्या. साहेबांपुढं ग्लास ठेवला.

"साहेब, हे खालच्या नळाचं. रेखा हेच प्यायची. प्या."

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. ग्लासाला बोट लावलं नाही. म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. त्या घडीला माझ्या तोंडातला 'साहेब' मेला.

"हिला बाहेर काढा!" तो ओरडला.

"आधी पी," मी म्हणाले.

वॉचमननं दंडाला धरून मला बाहेर काढलं. नोकरी गेली. रेखाच्या नवऱ्याला घेऊन मी पोलीस चौकीत गेले. आधी हाकललं. पुन्हा गेलो. बसून राहिलो. शेवटी नळाचं पाणी तपासायला गेलं. त्यात मैला निघाला. केस उभी राहिली.

मग सुपरवायझर घरी आला. "खाली फिल्टर बसवलाय आता. साहेब माफीही मागतील. मिळालं ना पाणी? तक्रार मागं घे."

"रेखाला पाज. मग घेते."

माफी मागून तो मोकळा होईल. रात्री जेवेल, झोपेल. मला त्याला मोकळं होऊ द्यायचं नाही. कोर्टात तो वकिलाच्या आड उभा राहतो. मी समोर बसते. तो आत जाईपर्यंत बसणार. आणि दर तारखेला, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, रेखाचं नाव घेणार.