'अज्ञात नर्तकी'चा वारस

एका नाच्याच्या फोटोला वारस असतो का? शिरूर ठाण्यात माझ्या हवालदाराने हे हसत विचारले होते. मी हसलो नाही, पण फिर्यादही लगेच लिहून घेतली नाही. ती चूक आजही टोचते.

फिर्यादी कवठे येमाईची सत्तरीची बाई. तिचा आजा तमाशात लुगडे नेसून नाचायचा. त्याचा एकच फोटो घरात होता; लोक हसतील म्हणून मागे नाव कधी लिहिले नव्हते. दर दसऱ्याला घुंगरांसोबत त्यालाही कुंकू लागायचे. गावोगाव फिरणाऱ्या दौंडच्या फ्रेमवाल्याने तो नवी चौकट घालायला नेला आणि आठवड्याने परत दिला.

"मग तक्रार काय, मावशी?"

"ह्यो त्यो न्हाई, सायेब. काच काढून हात फिरवला, तर कुंकू बोटाला लागंना."

दोनच दिवसांनी तळेगावच्या एका जीपवाल्याने खबर दिली की हा फ्रेमवाला जुने फोटो पुण्याला विकतो. फ्रेमवाल्याला ठाण्यात आणले.

"त्यांचाच फोटो हाय की! कुंकूबी तसंच हाय."

"मग पूस."

त्याने ओल्या फडक्याने घासले. फडके पांढरेच राहिले. पठ्ठ्याने नक्कल छापताना कुंकूही छापले होते! मग त्याने मूळ फोटो विकत घेतलेल्या पुण्यातल्या संग्राहकाचे नाव सांगितले.

बाईला ओळख पटवायला सोबत नेले. मूळ फोटो दिवाणखान्यात लावला होता. खाली चिठ्ठी: 'अज्ञात नर्तकी'.

संग्राहक म्हणाले, "मी हा वाचवला. यांच्याकडे वाळवीने खाल्ला असता."

"घर माझं, वाळवी माझी!" बाई कडाडली. "आन् अज्ञात कुणाला? माझा आजा हाय त्यो! हंगाम सरला की मिशा वाढवायचा, नर्तकी म्हनं!"

मग मला वरून फोन आला, "मोठे गृहस्थ आहेत, मिटवून टाका." मी मिटवले नाही. पंचनाम्यात आज्याचे पूर्ण नाव, गाव आणि 'तमाशा कलावंत' असे लिहिले. न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल बाईच्या हाती दिला.

ज्याचे नाव आपण लाजेने लपवतो, त्याला लुटणे सोपे असते, हे मला त्या बाईने शिकवले. तुमच्या घरात असा फोटो असेल, तर आजच चौकट उघडा. मागे नाव, गाव, नाते लिहा. आणि 'नाचायचा' हा शब्द गाळू नका.