कात्रीमास्तरांच्या घरी कुत्रा नव्हता

दुकान उघडलं की कात्रीमास्तर आधी कात्री उजव्या कानाशी नेत आणि डोळे मिटून दोनदा हवेतच चालवत. आवाज स्वच्छ आला तरच ती एप्रनच्या खिशात जाई. जरा खरखरली की पुन्हा धार लावायच्या दगडावर. "कात्री खोटं बोलत नाही," ते म्हणत, "गिऱ्हाईक बोलतं."

चाळीस वर्षं त्यांनी माणसांची डोकी भादरली. मग समोर गार हवेचं, चकचकीत आरशांचं सलून आलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. अशातच एकदा निवृत्त शिक्षिकाबाई आपली केसाळ पिंगट कुत्री घेऊन दारात उभ्या राहिल्या. "हिचं काही करता येईल का हो?" मास्तरांनी कुत्रीला निरखलं आणि खुर्ची खाली घेतली. वर्षभरात त्या खुर्चीवर माणूस बसेनासा झाला. जुनी सवय मात्र सुटली नाही. कुत्र्यांशी ते अहोजाहोच करत. "मान जरा इकडे, साहेब. कान सांभाळा." आणि मालकाला, "ए, पट्टा नीट धर की."

सूनबाई वेळा ठरवी, पाणी तापवी, टॉवेल वाळत घाली. नवरा मालवाहू जहाजावर, त्यामुळे घर आणि दुकान मिळून ही दोघंच. सासऱ्यांचं एकच काम तिला बघवत नसे. केसांत गोचीड लागली की ते ती अलगद ओढून काढत आणि अंगठ्याच्या नखावर टचकन चिरडत. त्या नखाच्या कडेला कात्रीचे ओरखडे कायमचेच.

"बाबा, चिमट्याने काढा ना."

"चिमटा आंधळा असतो गं. बोटांना डोळे असतात."

त्या उन्हाळ्यात मास्तर तापाने फणफणले. डोकं ठणकू लागलं, पाण्याचा घोटही नकोसा झाला. चौथ्या दिवशी तिने त्यांना दवाखान्यात दाखल केलं. फॉर्मवर व्यवसाय विचारला होता. तिने लिहिलं, केशकर्तन. घरात पाळीव प्राणी? नाही. दोन्ही उत्तरं अगदी खरी होती.

"काही चावलं होतं का, आजोबा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मला कोण चावतंय? कुत्रीसुद्धा चावत नाहीत." तापातली बडबड समजून डॉक्टरबाई हसल्या.

डासांपासून होणाऱ्या तापांच्या तपासण्या झाल्या. एकही जुळेना. प्लेटलेट्स मात्र रोज घसरत होत्या. सहाव्या दिवशी मास्तरांनी सुनेकडे बघितलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "मान जरा इकडे, साहेब."

ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली, तेवढ्यात शिक्षिकाबाईंचा फोन आला. "अगं, आमची परवाची वेळ रद्द कर. हिला गोचिडीचा ताप आलाय. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, गोचिडीच्या पोटातले जंतू रक्तात शिरतात. गाईगुरांना होतं, कुत्र्यांना होतं, माणसांनाही असे ताप येतात म्हणे. तुम्ही जपा हो."

"आमच्या घरी कुठाय कुत्रा," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरात कुत्रा नव्हता खरा. पण आठवड्याला तीस कुत्री त्या दोन हातांखालून जात होती. ती उठली ती थेट डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी.

"मी फॉर्म चुकीचा भरलाय," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. कुत्री, गोचिडी, नख.

डॉक्टरबाई लगेच मास्तरांच्या खाटेशी आल्या. त्यांचा अंगठा उजेडाकडे वळवून त्यांनी ओरखडे पाहिले. "चावायलाच हवं असं नाही. चिरडलेल्या गोचिडीतलं पाणी जखमेला लागलं तरी पुरतं. तपासणीला रक्त पाठवते, पण औषध आत्ताच सुरू करू. निकालासाठी थांबायला नको."

दोन दिवस सुनेचा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या सकाळी कपाळ गार लागलं. मास्तरांनी डोळे उघडून विचारलं, "दुकान कोण बघतंय?"

"कुलूप बघतंय."

"मग ठीक," म्हणून ते पुन्हा झोपले. ती मात्र खिडकीशी जाऊन बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

पुढे दुकानात चिमटा आला, स्पिरिटची बाटली आली आणि हातमोजे आले. चिमट्याला त्यांनी कसंबसं आपलं म्हटलं. हातमोज्यांशी दावा धरला. "मोजे घालून जेवायला बसवलंयस मला," ते कुरकुरत. ती दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून दारात येई, त्यांचे हात बघे आणि परत जाई.

असं नऊ वर्षं चाललं. मास्तर गेले ते म्हातारपणाने, दुपारच्या झोपेत. त्या दिवशी सकाळीही ती चहा घेऊन दारात थबकली होती. खुर्चीवर एक थकलेला पांढरा कुत्रा डुलक्या घेत होता आणि मास्तर पाठमोरे होते. मागे वळून न बघताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"घातलेत गं बाई, घातलेत. चहा ठेव तिथे."